उरलेलं पोर

रुपी सुकरीच्या झोपडीत बसली आणि लगेच उभी राहिली. बसलं की मांड्यांमध्ये काहीतरी यायचं. दुखत नव्हतं. नुसतं असायचं.

"बाय, आत दुसरा पोर राहिला. आता बाहेर येते," ती म्हणाली.

तीन आठवड्यांपूर्वी सुकरी सुइणीनंच तिचं बाळंतपण केलं होतं. आठव्या दिवशी रुपी आवणीच्या चिखलात भात लावायला उतरली होती.

सुकरीनं हात धुतले, तिला दाराच्या उजेडात निजवलं आणि पाहिलं.

"पोर नाय. पोर राहतो ती पिशवी. सैल पडून खाली आली."

"गळून पडंल?"

"नाय."

"मरन मी?"

"माझी पन खालीच हाय. धाकटीच्या वक्ताला आली. धाकटी आता सासरी नांदते."

रुपी बघतच राहिली. सूर्यमाळचं सगळं पठार पायाखाली घालणारी ही म्हातारी, आणि हिला हे? धीर आला की रडू आलं, तिला कळेना.

"कुनाला सांगितला नाय?"

"नाव काय सांगू त्याचा?"

तेलाच्या हातानं सुकरीनं ते हळूच आत सारलं. जुन्या लुगड्याची घट्ट लंगोटी बांधली.

"डोक्यावर वजा घेयाचा नाय. पुन्हा आली तं जव्हारला जा, राजाच्या दवाखान्यात."

"तिथं डागदर बाप्या असंल."

"असंल," सुकरी म्हणाली.

घरी नवरा, लाडक्या, दोर वळत बसला होता.

"मी पानी आनायचा नाय, सुकरी बोलली."

"का?"

"पोर राहतो ना, ता घर... खाली आला."

लाडक्यानं छपराकडे पाहिलं. मग तिच्याकडे. तिनं लुगड्याचा पदर पोटावर गच्च धरला होता. त्याला काही उमगलं नाही. पण तो उठला आणि मडकं घेऊन निघाला.

झऱ्यावर बाया त्याला बघून हसल्या. मडकं भरून तो तसाच उभा राहिला.

"हा एकटीनं डोक्यावर कसा चढवता?"

बाया आणखी हसल्या. शेजारची ठकी तेवढी हसली नाही. तिनं पुढं होऊन मडक्याला हात लावला, आणि चढवता चढवता, फक्त त्याला ऐकू जाईल असं विचारलं,

"रुपीची पन खाली आली?"