एका तिकिटात दोघं

बहात्तर साली नागपुरात शिकणाऱ्या गोपिका आणि चंद्रभानला मिळून नाटकाचं एकच तिकीट परवडायचं. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक आठला बंद होई, म्हणून मध्यंतरापर्यंत गोपिका बघायची. मग धनवटे रंगमंदिराच्या दारात ती चंद्रभानच्या हाती तिकीट ठेवून धावत सुटायची. दुसऱ्या दिवशी कॉलेजात तो तिला पुढची गोष्ट सांगायचा.

लग्नानंतर त्यातलंच एक नाटक दोघांनी शेजारी बसून पूर्ण पाहिलं. शेवटी नायक-नायिकेची कायमची ताटातूट झाली.

बाहेर येताच गोपिका म्हणाली, "तुम्ही त मले सांगतलं होतं, या दोघायचं लगन होते म्हणून. खोटं काहून सांगतलं?"



"तवा खरं सांगतलं असतं, त आपलं झालं असतं का वं?"