मागच्या स्पीकरातले अण्णा

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, असं बजावूनच आप्पाराव गादीवर ऐसपैस बसले. मेव्हण्या गोपीचंदची पैज होती: एक थाप पकडली, की दाजींच्या गप्पा जन्मभर बंद.

"काल लेकीच्या लग्नाची डिस्क घातली, प्लेअर होम थेटरला जोडला. तर मागच्या बिनवायरच्या स्पीकरातून मंगलाष्टकं आमच्या वारलेल्या वडलांच्या, अण्णांच्या आवाजात. लय गोड गायले."

"लावा की मग, आमी बी ऐकू," गोपीचंद हसला.

"कशानं लावता?" धुरपदाबाई सैपाकघरातून नवऱ्यावर खेकसल्या. "त्या स्पीकरची लाईटीची पिन काढून मी परवापासनं तिथं मिक्सर लावलाय."

सगळे पोट धरून हसत असतानाच तो स्पीकर खाकरला.

"आप्प्या, खोटं कामून बोलायलास? मी नुसता बसलो होतो. गायली तुझी माय."