डावा हात मोकळा

परळच्या शोरूममधल्या वैदेहीला कोडंच पडलं. "गिअर स्वतः टाकल्याशिवाय गाडी चालवल्यासारखं वाटत नाही," म्हणणारे वसंतराव टेस्ट ड्राइव्हला मात्र स्टिअरिंगमागचे, बोटाने गिअर बदलायचे पॅडलच निरखत होते.

"याला डावा हात लागतच नाही ना?"

"नाही काका. वरचा गिअर उजव्या बोटाने टाका, खालचा आपोआप पडतो."

हात अधू असणार, तिने ताडलं.

डिलाईल रोडच्या पुलावर गाडीने वेग घेतला, तशा शेजारी बसलेल्या सत्तरीच्या मृणालिनीकाकू दार उघडायला लागल्या. "उतरू द्या हो मला, आपल्या धाकट्याची, हितूची शाळा सुटली असेल."

"त्यालाच आणायला निघालोय," म्हणत वसंतरावांनी डाव्या हाताने त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि उजव्या बोटाने गिअर बदलला.

"हीच गाडी द्या," ते मागे बसलेल्या वैदेहीला म्हणाले. "रंग तेवढा हिला विचारा."