उलटी रेघ

शलाकानं सर्व्हर पुन्हा उघडून पाहिला. जात्यावरच्या ओव्यांच्या रेकॉर्डिंगचे गावागावांचे फोल्डर तिनं कालच लॅपटॉपवरून तिथे चढवले होते आणि लॅपटॉप रिकामा केला होता. आता सर्व्हरवर एकही फोल्डर दिसत नव्हता, नुसता लांबलचक अनोळखी नावांचा ढीग होता. समोर यमुनाबाई बसल्या होत्या. वारलेल्या आईचा आवाज ऐकायला त्या मुद्दाम गावाहून आल्या होत्या.

"सापडंना का?" त्यांनी विचारलं.

शलाकानं सहकाऱ्याला, इरफानला फोन लावला.

"फाईली आहेत गं," तो म्हणाला. "फोल्डर वेगळे करायला विंडोज जी उलटी तिरकी रेघ वापरतं, ती त्या सर्व्हरला कळत नाही. त्यानं फोल्डर केलेच नाहीत. गाव, बाई, ओवी, सगळं फाईलच्या एकाच लांबलचक नावात कोंबलंय."

तिला निम्मंच उमगलं. तरी तिनं त्या ढिगात यमुनाबाईंच्या आईचं नाव शोधलं. एक फाईल वर आली. तिनं ती लावली.

आधी जात्याची घरघर आली, मग खणखणीत आवाज: "यमे, दार लाव गं, कोंबड्या आत येत्यात!"

यमुनाबाई लगबगीनं उठल्या आणि त्यांनी कचेरीचं दार लावून घेतलं.