खुर्चीतलं वजन

लेकीच्या पत्राला बाबांनी चार महिने उत्तर दिलं नव्हतं. ‘आमच्याकडे राहायला या’ म्हणणाऱ्या पोरीला नाही कसं म्हणावं, तेच त्यांना सुचेना. शेवटी तिने त्यांच्या खुर्चीत वजनाचा दाब ओळखणारी गादी बसवली. बाबा उठले की तिला फोनवर कळायचं.

आज ‘मी एकटा मजेत आहे’ असं लिहून बाबा टपालपेटीकडे निघाले. निघताना खुर्चीत शब्दकोश रचले. कमी पडतील या शंकेने वर आणखी ग्रंथ ठेवले.

पेटीपाशी पत्र धरून ते घुटमळत होते, तेवढ्यात लेकीचा फोन आला.

“बाबा, जागचे हलू नका. बसल्या बसल्या तुमचं वजन अकरा किलोंनी वाढलंय. डॉक्टर निघालेत.”

बाबा दचकले, आणि हातातलं उत्तर एकदाचं पेटीत पडलं.