कुशाबाची घोंगडी

डिंगोऱ्याच्या माळावर ऐतिहासिक पिच्चरचं शूटिंग लागलं, तेव्हा धनगराच्या कामाला कुशाबालाच त्याच्या मेंढरांसकट धरून नेलं.

कपडेपटाच्या गॉगलवाल्या साहेबांनी मात्र त्याच्या खांद्यावरची घोंगडी बघून नाक मुरडलं. "ही काय तीनशे वर्षांपूर्वीची वाटत नाही," म्हणत त्यांनी मुंबईहून आणलेली नवीकोरी घोंगडी त्याच्या अंगावर चढवली.

"आज्याच्या हातची हाय राव ही!" कुशाबा कळवळला, पण ऐकतो कोण? उलट सकाळचा गारठा झोंबायला लागला, तशी ती जुनी घोंगडी साहेबांनी स्वतःच गुंडाळून घेतली.

"ॲक्शन!" झालं. सगळी मेंढरं कुशाबाला ओलांडून थेट गॉगलवाल्या साहेबांमागं पळत सुटली.



कुशाबा म्हणाला, "साहेब, धनगराचं काम आता तुमीच करा. मेंढरांनी तुमालाच पास केलंय."