काजळीखालचा रंग

दात घासायचा जुना ब्रश.

दूध जरा कमी पडलेल्या कॉफीचा रंग.

इंजिनाचे मिनिटाला चौदा हजार फेरे.

शेवटचा पिस्टन. हा जळला तर शर्यत थेट पुढच्या वर्षी.

शर्यतीला वीस मिनिटं.

आत्याने इंजिनातला गरम स्पार्क प्लग फडक्यात धरून बाहेर काढला. काळाकुट्ट.

"बघ ताई, पेट्रोल जास्त जातंय," भाऊ म्हणाला. "जेट लहान टाक. शेजारच्या टीमनेसुद्धा लहान टाकलं."

जेट म्हणजे पितळेचा एवढासा तुकडा, मधोमध केसाएवढं भोक. त्यातून पेट्रोल जास्त गेलं तर रेसची गाडी मरगळते, कमी गेलं तर पिस्टन जळतो. आत्या ते प्लगच्या रंगावरून ठरवायची: काळा म्हणजे जास्त, पांढरा म्हणजे कमी, कॉफीचा म्हणजे बरोबर. त्यासाठी सरावात एकच अट: पूर्ण वेगात असतानाच बटण दाबून इंजिन बंद करायचं आणि गाडी तशीच घरंगळत आत आणायची.

"बटण कुठे दाबलंस?" आत्याने भाचीला विचारलं. आजूबाजूला उभ्या गाड्यांची इंजिनं इतकी किंचाळत होती की ओरडूनच विचारावं लागलं.

"तू सांगितलंस तिथेच." भाचीने हेल्मेट काढलं नव्हतं.

आत्याने ब्रशने प्लगची कड हलकेच झाडली. मग टॉर्च दातांत धरला, भिंग डोळ्याला लावलं आणि प्लग नखाएवढा नखाएवढा फिरवत राहिली. आत, खोल, पांढऱ्या चिनी मातीच्या बुडाशी एक बारीक कडं होतं. कॉफीच्या रंगाचं.

"वरची काजळी आत्ताची आहे," टॉर्च काढून ती म्हणाली. "इंजिन चालू ठेवून हळूहळू आलं की बसते. खालचा रंग खरा. जेट आहे तेच राहील."

भावाने भिंगातून पाहिलं. "मला तर काही दिसत नाही."

"तुला लग्न ठरवतानाही दिसलं नव्हतं."

"पण ती हळू कशाला येईल? माझी पोरगी घाबरणारी आहे का?"

भाची हातमोज्याची शिवण उसवत होती.

"मागून गाड्या येत होत्या," ती अखेर म्हणाली. "मध्येच बंद केली असती तर अंगावर आल्या असत्या."

"मग तेवढं सांगायचं ना, बाळा," आत्या म्हणाली. "लहान जेट टाकलं असतं तर पिस्टन गेला असता."

तिने नवा प्लग आधी हाताने फिरवत बसवला, मग पान्याने पाव फेरा.

शर्यतीच्या नवव्या फेरीत शेजारच्या टीमचं इंजिन चिरकलं आणि गप्प झालं. भाऊ कठड्याला धरून उभा होता. "ताई, आपलं?"

"बोलू नकोस. ऐक."

सरळ रस्त्यावरून तो बारीक, अखंड आवाज आला. कुठे खरखर नाही, कुठे धाप नाही. तसाच पुढे गेला.

सरावाची दहा मिनिटं आत्याने आयोजकांकडून एकट्या भाचीसाठी मागून घेतली होती. तेव्हा ट्रॅकवर दुसरी गाडीच नव्हती.